'लाय' आणि 'ले' : एका प्रयोजक जोडीचा इतिहास व उपयोग

काही महिन्यांपूर्वी शेजारच्या विभागातील एका संशोधक विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण इंग्रजी तपासण्यासाठी माझ्याकडे आणून दिले. विषय होता दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन दफनपद्धती. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ ह्या काळात जे उत्खनन झाले, त्यात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मोठ्या संख्येने आढळली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. मृत बालकाला दोन कुंभांत ठेवून ते कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे पुरीत असत. ह्या कुंभांविषयी तिने लिहिलेले वाक्य असे होते : 'टू अर्न्स लेड माउथ टू माउथ बिनीथ द फ्लोअर.' मी 'लेड' ह्या शब्दाखाली रेघ ओढली आणि तेथेच थांबलो. त्या जागी 'ले' लिहावे की 'वेअर लेड' लिहावे, हे मला ठरवता येईना. दोन्ही दुरुस्त्या व्याकरणदृष्ट्या निर्दोष होत्या. परंतु त्यांचे अर्थ भिन्न होते, आणि त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे केवळ लेखिकाच सांगू शकत होती. मी तिला विचारले. 'सर, दोहोंत फरक काय?' हे तिचे उत्तर. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा, त्या दिवशी करता आला त्याहून थोडा अधिक विस्ताराने केलेला विचार आहे. इंग्रजी रूपे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत.

प्रथम रूपे पाहू. 'लाय' हे अकर्मक क्रियापद : आडवे असणे, पडून असणे, एखाद्या जागी स्थित असणे. त्याचा भूतकाळ 'ले', भूतकालवाचक धातुसाधित 'लेन' आणि वर्तमानकालवाचक 'लाइंग'. दुसरे क्रियापद 'ले'. हे सकर्मक : आडवे करणे, ठेवणे, घालणे, रचणे. त्याचा भूतकाळ 'लेड', धातुसाधितही 'लेड' आणि वर्तमानकालवाचक 'लेइंग'. 'खोटे बोलणे' ह्या अर्थाचा 'लाय' हा वेगळाच धातू आहे. त्याचा भूतकाळ 'लाइड' होतो आणि वरील दोहोंशी त्याचे व्युत्पत्तीचे नाते नाही. त्याला येथे बाजूला ठेवू. राहिलेल्या दोन धातूंत जो गोंधळ होतो त्याचे दृश्य कारण एकच : 'ले' हे रूप एका धातूचा वर्तमानकाळ आहे आणि दुसऱ्याचा भूतकाळ. 'आय ले द बुक हिअर' ह्यात मी आज, रोज, पुस्तक ठेवतो. 'द बुक ले हिअर' ह्यात पुस्तक काल येथे पडलेले होते. विल्यम फॉकनरच्या १९३० सालच्या 'ॲज आय ले डाइंग' ह्या कादंबरीच्या नावातील 'ले' हा भूतकाळ आहे, हे इंग्रजी विषयाच्या पदवीधरांनाही क्वचित सांगावे लागते.

रूपांची ही कोष्टके पाठ करून घेण्यावर शाळेत भर असतो. पाठ झालेली कोष्टके लिहिण्याच्या ओघात उपयोगी पडत नाहीत, हा माझा शिक्षक म्हणून अनुभव आहे. त्याऐवजी ही जोडी मुळात आली कोठून, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. आणि हा शोध आपल्याला अनपेक्षितपणे आपल्याच भाषेच्या अंगणात आणून सोडतो.

जुन्या इंग्रजीत 'लिज्जन' म्हणजे पडून असणे आणि 'लेज्जन' म्हणजे ठेवणे. त्याहून जुन्या साहित्यात जतन झालेल्या गॉथिक भाषेत हीच जोडी 'लिगन' व 'लग्यन' अशी दिसते. दुसऱ्या रूपातील 'य'कार हा प्रयोजक प्रत्ययाचा अवशेष आहे. 'लग्यन' म्हणजे अक्षरशः 'पडून असेल असे करणे'. 'बसणे' ह्या अर्थाच्या गॉथिक 'सिटन'चे प्रयोजक 'सत्यन' हेही तसेच. त्यांची आजची इंग्रजी रूपे 'सिट' आणि 'सेट'. संस्कृतज्ञ वाचकांना येथे 'सीदति' आणि 'सादयति' ही जोडी आठवल्याशिवाय राहणार नाही. ते साम्य योगायोगाचे नाही. मूळ इंडो-युरोपीय भाषेत धातूतील स्वराचा 'ओ' करून पुढे 'एय' हा प्रत्यय लावला की प्रयोजक धातू सिद्ध होत असे. त्या 'ओ'चा जर्मानिक शाखेत 'अ' झाला. भारतीय-इराणी शाखेत, अक्षर विवृत असता, 'आ' झाला. हा दुसरा नियम कार्ल ब्रुगमान ह्या भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पाणिनीय परंपरेत ज्याला 'णिच्' म्हणतात आणि ज्याच्यामुळे धातूच्या स्वराला वृद्धी होते असे आपण शिकतो, तोच हा प्रत्यय.

'पतति' व 'पातयति' ह्यांच्यापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत 'पडणे' व 'पाडणे' आले. म्हणजे 'पड'मधील ऱ्हस्व व 'पाड'मधील दीर्घ स्वर आणि 'लाय' व 'ले' ह्यांतील स्वरभेद, ह्या दोहोंच्या मुळाशी एकच प्राचीन प्रक्रिया आहे. शब्द वेगळे, धातू वेगळे, परंतु यंत्रणा तीच.

ह्या नात्याला विद्येच्या इतिहासातही एक पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कार्ल व्हर्नर ह्याने जर्मानिक व्यंजनांतील काही अपवादांचा उलगडा केला, तो वैदिक स्वराघाताच्या साहाय्याने. वैदिक प्रयोजकांत उदात्त स्वर धातूवर नसून प्रत्ययावर असतो. जर्मानिकमध्येही मूळ स्थिती तीच असल्यामुळे प्रयोजकांत धातूच्या अंतीचा 'स' घोष झाला आणि पुढे त्याचा 'र' झाला. म्हणून 'राइझ' ह्या इंग्रजी धातूचे अस्सल इंग्रजी प्रयोजक 'रिअर' हे आहे. मुले किंवा गुरे वाढवण्याच्या अर्थी ते आजही वापरात आहे. त्याच अर्थक्षेत्रातील 'रेझ' हे रूप स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर इंग्लंडात आले.

आता ही यंत्रणा दोन्ही भाषांत पुढे कशी टिकली ते पाहा. मराठीत ती जिवंत आहे. मरणे-मारणे, तरणे-तारणे, चरणे-चारणे, गळणे-गाळणे, टळणे-टाळणे, जळणे-जाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे ह्या जोड्या लहान मूलही चुकत नाही. आणि जेथे अशी जोडी नाही तेथे '-वणे' लावून बसवणे, निजवणे, हसवणे अशी नवी प्रयोजके हवी तितकी करता येतात. इंग्रजीत मात्र प्रत्ययातील 'य'कार आधी धातूच्या स्वरात मुरला आणि मग नाहीसा झाला. मागे राहिल्या त्या काही विखुरलेल्या जोड्या : 'सिट' व 'सेट', 'फॉल' व 'फेल', 'ड्रिंक' व 'ड्रेंच'. 'ड्रेंच' म्हणजे मुळात 'पाजणे'. गुरांना औषध पाजण्याला पशुवैद्य अजून हाच शब्द वापरतात, इतरांच्या दृष्टीने तो 'चिंब भिजवणे' एवढाच उरला आहे. 'गो'चा भूतकाळ म्हणून आपण जे 'वेंट' शिकतो तेही 'वाइंड' ह्या धातूच्या प्रयोजकाचे, म्हणजे 'वेंड'चे, भूतकाळाचे रूप. घर मोडल्यावर भांडी शेजाऱ्यांकडे जावीत तसे झाले आहे.

यंत्रणा मोडल्यावर इंग्रजीने दुसरा मार्ग धरला : एकच रूप अकर्मक व सकर्मक अशा दोन्ही अर्थी वापरावयाचे. 'बर्न' म्हणजे जळणेही आणि जाळणेही. 'ब्रेक' म्हणजे तुटणेही आणि तोडणेही. शेकडो धातू आज असे चालतात. ह्या पार्श्वभूमीवर सामान्य इंग्रज किंवा अमेरिकन बोलणारा 'ले' हे रूप दोन्ही अर्थी वापरू लागला, तर तो आपल्या भाषेच्या प्रवाहाविरुद्ध नव्हे, प्रवाहाबरोबरच जात असतो. शिवाय ध्वनीनेही त्याला त्या दिशेने ढकलले. 'लिज्जन'च्या भूतकाळातील 'आइ' आणि 'लेज्जन'च्या वर्तमानकाळातील 'एइ' हे दोन संयुक्त स्वर मध्य इंग्रजीत इ. स. १३०० च्या सुमारास एक झाले, आणि भिन्न असलेली दोन रूपे कानाला एकच वाटू लागली. अकर्मक अर्थाने योजलेल्या 'ले'चे दाखले नेमके त्याच सुमारापासून मिळू लागतात. जर्मन भाषेत तसे झाले नाही; तेथे 'लीगन'चा भूतकाळ 'लाग' आणि 'लेगन'चा 'लेग्टे' असा स्वच्छ भेद राहिला. पुढे इंग्रजीत 'डाउन' हा शब्द जोडला गेल्यावर 'ले डाउन' आणि 'लेड डाउन' ह्यांतील अंतर भरभर बोलताना जवळजवळ नाहीसे होते, कारण 'लेड'चा अंत्य 'ड' पुढच्या 'ड'मध्ये मिसळून जातो.

ह्या मिश्रणाला दोष मानण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील व्याकरणकारांपासून पडली. त्याआधी फ्रान्सिस बेकनने १६२५ च्या निबंधांत अकर्मक अर्थी 'ले' योजला आहे. त्यानंतरही बायरनने 'चाइल्ड हॅरोल्ड'च्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गाच्या शेवटाकडे, समुद्राला उद्देशून लिहिलेल्या कडव्यात, यमकासाठी तेच केले. आणि बॉब डिलनच्या १९६९ सालच्या एका सुप्रसिद्ध गीताच्या शीर्षकातही तेच आहे. तेव्हा एखाद्या इंग्रजाच्या बोलण्यातील 'ले' ऐकून कान टवकारण्याचे आपल्याला कारण नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तर ते मुळीच करू नये.

पण मग संशोधनपर लेखनात हा भेद पाळावा असे मी का म्हणतो? कारण तेथे त्याला अर्थ आहे. 'लेड' ह्या रूपात एक प्रयोजक, एक करविता, दडलेला असतो. 'वॉज लेड' म्हटले की कोणीतरी ठेवले, हे आले. तो कोण हे सांगितले नसेल, पण तो आहे. 'ले'मध्ये तो नाही. तेथे केवळ स्थिती आहे. माझ्या पहिल्या इंग्रजी निबंधात, एक प्रश्न फार वर्षे दुर्लक्षित राहिला असे सांगताना, मी 'हॅज लेड नेग्लेक्टेड' असे लिहिले होते. मुद्रितशोधनासाठी आलेल्या प्रतीत संपादकांनी समासात दोनच शब्द लिहिले होते : 'बाय हूम?' कोणाकडून? त्या दोन शब्दांनी मला जे शिकवले ते शालेय कोष्टकांनी शिकवले नव्हते. तेथे 'हॅज लेन' हवे होते. 'लेन' हे रूप आज इतके विरळ झाले आहे की ते लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळलेला हात 'लेड'कडे वळतो.

आता मराठी भाषकाचा प्रश्न. ज्याच्या भाषेत प्रयोजक इतका जिवंत आहे त्याला ही जोडी सोपी वाटावयास हवी. तशी ती वाटत नाही, कारण मराठी शब्द ह्या जोडीवर बरोबर बसत नाहीत. 'लाय'साठी आपण 'पडणे' म्हणतो. पण 'पुस्तक पडले आहे' ह्याचे दोन अर्थ होतात, ते खाली कोसळले किंवा ते तेथे पडून आहे. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे धातू लागतात. आणि 'पडणे'चे प्रयोजक 'पाडणे', ते तर 'ले' नव्हेच. ते 'फेल', आणि इंग्रजीत त्याचाही उपयोग आज मुख्यतः झाडांपुरता उरला आहे. (हे 'फेल' रूपही 'फॉल'चा भूतकाळ आहेच, म्हणजे 'ले'सारखीच टक्कर येथेही झालेली आहे. परंतु लाकूडतोड्याखेरीज कोणाला सकर्मक 'फेल'ची गरज पडत नसल्यामुळे तिचा बोभाटा झाला नाही.)

याहून मोठा सापळा 'ठेवणे' ह्या शब्दाचा. हा शब्द 'स्थापयति', प्राकृत 'ठवेइ', ह्यापासून आला, म्हणजे तो 'उभे असणे' ह्या अर्थाच्या धातूचे प्रयोजक आहे. इंग्रजीने 'ठेवणे'साठी 'बसणे' व 'आडवे असणे' ह्या धातूंची प्रयोजके घेतली, आपण 'उभे असणे'चे घेतले, कल्पना एकच. पण मराठीत निर्जीव वस्तूची नुसती जागा सांगतानाही आपण 'टेबलावर पुस्तक ठेवलेले आहे' असे सहज म्हणतो. कोणी ठेवले हे आपल्या मनातही नसते. हीच वाक्यरचना इंग्रजीत गेली की 'द बुक इज केप्ट ऑन द टेबल' किंवा 'इज लेड ऑन द टेबल' असे वाक्य होते, आणि इंग्रज वाचकाला त्यात ठेवणारा माणूस दिसू लागतो. भारतीय इंग्रजीत 'केप्ट'चा हा उपयोग इतका रुळला आहे की तो आपल्याला खटकत नाही. दैनंदिन व्यवहारात खटकण्याची गरजही नाही. पण जेथे ठेवणारा होता की नव्हता हाच वादाचा विषय असतो, तेथे ही सवय लेखकाच्या नकळत साक्ष देऊन मोकळी होते. न्यायालयातील जबानीचे भाषांतर करणाऱ्याने 'काठी दाराशी होती' ह्याचे 'वॉज लेड' केले, तर त्याने एक इसम निर्माण केला असे होईल.

मी विद्यार्थ्यांना 'पडणे' व 'ठेवणे' ही दोन्ही सोडून 'आडवे असणे' आणि 'आडवे करणे' हे पर्याय मनात ठेवून पाहण्यास सांगतो. मूल आडवे झाले : 'ले डाउन'. आईने मुलाला आडवे केले : 'लेड डाउन'. मूल तासभर आडवे होते : 'ले'. मूल तासभर आडवे राहिले आहे : 'हॅज लेन'. ही कसोटी अमूर्त अर्थांना लागू पडत नाही. तेथे नुसते 'असणे' किंवा 'वसणे' घालावे. अडचण कशात आहे, ती 'लाइज'. कोकण सह्याद्री आणि समुद्र ह्यांच्या मध्ये आहे, तेही 'लाइज'. उलट मराठीत जेथे 'घालणे' येते तेथे बहुधा 'ले' येतो : पाया घालणे, अंडी घालणे. अंड्यांच्या बाबतीत कर्म गाळले तरी धातू बदलत नाही. कोंबडी 'इज लेइंग' हे शुद्धच आहे, कारण काय घालते आहे ते सर्वांना माहीत असते. सकर्मक धातूला कर्म दिसलेच पाहिजे, ह्या नियमाचा बाऊ करणाऱ्यांनी ही कोंबडी लक्षात ठेवावी.

उपसर्गयुक्त रूपांत हीच चूक अधिक पांडित्याने होते. आपल्या विषयात 'अंडरलाइंग' रूपाची चर्चा नित्याची आहे. परंतु 'हे तत्त्व त्या नियमाच्या मुळाशी होते' असे लिहावयाचे झाले की पुष्कळजण 'अंडरलेड' लिहितात. तेथे 'अंडरले' हवे आणि धातुसाधित 'अंडरलेन'. भूशास्त्रज्ञ म्हणतात, काळी माती कातळावर 'ओव्हरलाइज'. ती कोणी पसरलेली नाही. भूगोलाचा विद्यार्थी संगणकावर एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवतो, तो मात्र 'ओव्हरलेज', कारण ठेवणारा तो स्वतः आहे. भूप्रदेशाच्या ठेवणीला ब्रिटिश 'लाय' म्हणतात व अमेरिकन 'ले' म्हणतात. तेथे दोन्ही चालतात, वाद घालू नये.

आता त्या प्रकरणाकडे वळतो. कुंभांच्या बाबतीत विद्यार्थिनीशी झालेल्या चर्चेत 'वेअर लेड' हेच योग्य ठरले. दोन कुंभ घराच्या जमिनीखाली आपण होऊन तोंडाला तोंड लावून निजत नाहीत. ठेवणारे हात होते ह्यात शंका नाही. इनामगावच्याच आणखी एका दफनात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत मिळाला होता. तेथे 'सिट' आणि 'सेट' ह्यांच्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि उत्तरही तेच. परंतु त्याच प्रकरणात पुढे एका अन्य स्थळाचे वर्णन होते. तेथे दफनाच्या खड्ड्याच्या कडेला गुराचे एक हाड मिळाले होते, आणि त्याविषयी तिने 'वॉज लेड बिसाइड द पिट' असे लिहिले होते. पुढच्याच परिच्छेदात ते मृताला केलेले अर्पण असावे असे अनुमान होते. मी विचारले, हाड तेथे ठेवले होते हे कशावरून? ती म्हणाली, 'तसे काही नाही सर, तिथे ठेवलेलं होतं एवढंच मला म्हणायचंय.' आणि म्हणता म्हणता आपण पुन्हा तेच क्रियापद वापरल्याचे तिच्या ध्यानात आले.

तेथे 'ले' लिहिल्यावर अनुमानाचा आधार निघून गेला. हाडावर कापल्याच्या खुणा आहेत का, त्या थरात अशी हाडे इतरत्रही विखुरली आहेत का, हे मूळ नोंदींतून पाहण्यासाठी तिने ते प्रकरण परत नेले. अर्पणाचा परिच्छेद तिने तूर्त बाजूला काढून ठेवला आहे.